मागच्या स्पीकरमधले बाबा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच वाकलोय असं समज). तुझी शुगर, भावोजींचा खोकला आणि त्या खोकल्यावरून तुमचं भांडण, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा. मी मजेत आहे.

तू फोनवर म्हणालीस, बाबांचा आवाज कुठे असला तर काढून पाठव. ते जाऊन सात महिने झाले. आवाज सापडलाच तर एकाच ठिकाणी, माझ्या शिलाईच्या दुकानाच्या उद्घाटनाच्या व्हिडिओत. भावोजींच्या नव्या कॅमेऱ्याने तूच काढलेला. (त्यात एकाचंही डोकं नाही. खिसे मात्र सगळ्यांचे सुंदर आलेत.) फाइल घेऊन समोरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण कुठलंही मशीन पाहिलं की तो आधी 'उशीर केलात' म्हणतो. त्याने दहा मिनिटांत आवाज काढून दिला. घरी येऊन ऐकतो तर माझंच भाषण! वीस मिनिटं! बाबांचं एक अक्षर नाही. परत गेलो, तेव्हा म्हणाला, हा सराउंड आवाज आहे, सहा स्पीकरांसाठी याच्या सहा वेगळ्या पट्ट्या असतात: तीन पुढच्या, दोन मागच्या आणि एक नुसत्या धडधडीची. पुढच्याच काढल्या होत्या. मी शहाणा, ऐटीत म्हटलं, मग शेवटची द्या. अर्धा तास कानात धडधड ऐकत बसलो. बाबांचीच पावलं समजून डोळेसुद्धा पुसले, अगं. निघाला तो शेजारच्या दुकानाचा जनरेटर.

तिसऱ्या खेपेला मागच्या पट्ट्या मिळाल्या. बाबा तुझ्या शेजारी, कॅमेऱ्याच्या मागे उभे होते ना! त्या दिवशी तोंडावर मला काय म्हणाले होते, तुला आठवत असेल: टाके घालून कुणाचं पोट भरलंय? ते इतकं लागलं की नऊ वर्षं मी त्यांच्याशी हो-नाहीच्या पलीकडे बोललो नाही. ते हॉस्पिटलात होते तेव्हाही तुला रोज सांगायचो, शाळेच्या गणवेशांची गर्दी आहे, उद्या येतो. गर्दी नव्हती, ताई. मी एकटाच बटणं निवडत बसायचो.

माणसं पाठीमागे वाईट बोलतात हे जगाचं ठरलेलं. आपले बाबा तिथेही उलटेच. तुला हळूच म्हणतात, शिलाई सरळ आहे हो पोराची, एक शर्ट टाकावा म्हणतो याच्याकडे. तू म्हणतेस, मग सांगा की त्याला. तर म्हणे, तो स्वतःहून मापाला बोलावील तेव्हा. आणि तू मध्ये चोंबडेपणा करू नकोस. जन्मभर तू घराघरातली बातमी चहा उकळायच्या आत पोचवलीस, आणि नेमकं हेच पोटात ठेवलंस! मला तुझा फार राग आला. मग रडू आलं, ते अजून येतंय. मी नऊ वर्षं वाट पाहिली की आधी ते बोलतील, आणि त्यांना माझं नुसतं 'या' हवं होतं.

असो. आवाज सोबत पाठवतोय, चोवीस सेकंदांचा.

तुझा धाकटा

ता.क. : भावोजींना ऐकवू नकोस. मध्येच ते बाबांना विचारतात, जेवणाला अजून किती वेळ आहे.

ता.क. २ : वर मजेत आहे असं लिहिलंय, ते सवयीने लिहिलं.

ता.क. ३ : खरं काम राहिलंच. बाबांचा एखादा जुना शर्ट तुझ्याकडे असेल, तो मापाला पाठव. माझ्या वहीत गावभराची मापं आहेत, त्यांचंच नाही. कापड आणलंय. घालणार कोण, असं भावोजी विचारतील. त्यांना काहीही सांग. आणि बाबांना कॉलर सैल लागायची की घट्ट, तेही लिही. मला ठाऊक नाही.