कापलेल्या फोटोतला हात

मालनकाकू, नमस्कार.

तुमी आता कुठं राहता, मले मालूम नाही. म्हणून हे पत्र पोस्टात जाणार नाही, माझ्या चिकटवहीत राहील. स्वतःच्या जिंदगीचे फोटो चिकटवून त्याखाली लिहून राहिली मी.

पहिल्या पानावर जवाहरनगरच्या क्वार्टरच्या दारातला फोटो लावला. मी तीनेक वर्षाची, एका बाईच्या मांडीवर बसून खिदळून राहिली. बाई कैचीनं कापलेली आहे. माझ्या पोटाभोवती तिचा हात तेवढा उरला. कॉलनीतली दारं सारी सारखीच, मले ते आमचंच वाटलं. मी बिनधास्त खाली लिहून टाकलं, 'आई आणि मी'.

काल चष्मा लावून पाहिलं, तर त्या मनगटावर विंचवाचं गोंदण! आईनं कधी गोंदून घेतलंच नव्हतं. त्या विंचवावरून मी बोट फिरवायची, काकू. तो तुमचा होता.

आई तेव्हा वर्षभर दवाखान्यात होती, एवढंच मले सांगितलं होतं. तुमी शेजारीच राहत होत्या, पण तुमचं नाव निघालं का ती उठून आत जाय. आता ती नाही, कोणाले विचारू?

मी तुमाले आई म्हणत होती का? म्हणून तिनं कैची चालवली का? मग हा हात कायले ठेवला?

आज फोटोवर कैची धरून पाहिली. हात काढायचा तर मलेही कापावं लागते.

खाली लिहिलेलं मी खोडलं नाही.

तुमच्या मांडीवरची,
तृप्ती