दुसरी नळी

बाई, तुमच्याबद्दल मी इतकी वर्षं जे सांगत आले ते खोटं आहे, हे निदान एकदा कागदावर यावं म्हणून लिहायला बसले. माहुलची ती मुलगी तुमच्या चुकीने गेली, असं आपल्या लॅबमध्ये सगळे धरून चालायचे. ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलंही नाही तेसुद्धा, कारण त्यांना ते मी सांगितलं होतं. तुम्हीही तसंच समजून मेलात. 'गेलात' लिहिणार होते, पण गुळमुळीत बोललेलं तुम्हाला कधीच खपलं नाही.

घाटकोपरच्या चाळीतून, गिरणी कामगाराच्या घरातून मी तुमच्या हाताखाली आले तेव्हा बावीस वर्षांची होते. लघवी तपासायला तुम्हीच शिकवलंत. नळीत लघवी घ्यायची, त्यात बेंझिडीनचं द्रावण, वरून दोन थेंब पेरॉक्साइड. निळं झालं की रक्त आहे. मग थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी शोधायच्या. पण नळीला आधीच्या रक्ताचा अंश राहिला तरी निळं होतं, म्हणून नळ्या अ‍ॅसिडात घालून धुवायच्या. एकदा माझी एक नळी तशी राहिली, आणि कॅज्युअल्टीचे दोन डॉक्टर खिडकीशी उभे असताना तुम्ही म्हणालात, "हिच्या आईने हिला भांडी घासायलासुद्धा शिकवलेलं नाही." ते दोघे हसले. आई तेव्हा चार घरची भांडी घासत होती, हे तुम्हाला माहीत होतं. त्याच आठवड्यात तुम्ही तुमची पांढरी साडी फाडून माझ्या मापाचा एप्रन शिवून आणलात, कारण हॉस्पिटलचा माझ्या घोट्यापर्यंत यायचा. "घाल, बुजगावणं दिसतेस." मी तो घातला आणि तुमचा द्वेषही चालू ठेवला. तुम्ही नुसत्याच वाईट असतात तर माझं काम सोपं झालं असतं.

ती मुलगी आली तो बुधवार. एकोणीस वर्षांची, ठरलेलं लग्न मोडलेलं. आई सकाळी मासळी घेऊन बाजाराला गेली आणि हिने आजीच्या झोपेच्या गोळ्यांची बाटली रिकामी केली. संध्याकाळी आई परतली तेव्हा ही जमिनीवर उजव्या कुशीवर, पाय अंगाखाली मुडपलेला, तशीच दिवसभर पडलेली. पोट धुतलं, सलाइन लावलं, गुरुवारी सकाळी तिने डोळे उघडले. वाचली म्हणून वॉर्डात सगळे खूश. मांडी सुजून लाकडासारखी घट्ट झाली होती, तर पडताना मार लागला असेल म्हणाले. पाय हलवता येईना, तर सिस्टर म्हणाली, "नाटकं करते, घरी जायचं नाहीये हिला." लघवी बिनदुधाच्या चहासारखी आली, तर म्हणाली, पाळी आली असेल. तरी एका डॉक्टरला शंका आली आणि ती बाटली आपल्याकडे पोचली. ती घेऊन आई स्वतःच आली होती. तिच्या लुगड्याला माशांचा वास होता म्हणून तुम्ही तिला दाराबाहेर उभं केलंत. "बाय, माजी पोर उटली, पन पाय उचलत नाय गो," ती मला सांगत होती. मी तिला म्हटलं, "खिडकी सोडा, उजेड अडतो."

नळी निळी झाली, अगदी शाईसारखी. काचेवर मात्र काही नाही. मी सगळी काच फिरवून बघतेय, एक पेशी दिसत नाहीये. तुम्हाला दाखवलं. "रक्त आहे आणि रक्तपेशी नाहीत? मग रक्त काय आभाळातून पडलं? नळी घाण आहे तुझी. लिही, रक्त नाही." मी लिहिलं, तुम्ही सही केलीत, आई कागद घेऊन पळत गेली. इथवरची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे.

तुम्ही जेवायला गेलात आणि मी कोरी नळी काढली, त्या दिवशीच आलेल्या खोक्यातली, कुणाचा हात न लागलेली. त्यातही निळं झालं. बाई, मला भीती वाटली नाही. मला आनंद झाला. तुम्ही चुकलात आणि ते माझ्या हातात होतं! लगेच सांगितलं असतं तर तुम्ही 'बरं' म्हणून नवा कागद लिहिला असतात आणि तिथेच संपलं असतं. मला ते तसं संपवायचं नव्हतं. आपले पॅथॉलॉजीचे साहेब शुक्रवारी यायचे, त्यांच्याबरोबर ते दोन डॉक्टरही असायचे. त्या सगळ्यांसमोर मला ती परीक्षा करून दाखवायची होती. उरलेली लघवी मी फ्रिजमध्ये मागच्या कोपऱ्यात ठेवली आणि कुठलं वाक्य बोलायचं ते घरी पाठ केलं.

शुक्रवारी साहेब आले नाहीत, त्यांच्या घरी साखरपुडा होता; आता सोमवारी येणार असा निरोप आला. मी ठरवलं, सोमवारी. शनिवारी तिची लघवी बंद झाली. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि रविवारी ती मेली. सोमवारी मी फ्रिजमधली बाटली ओतून धुतली, आणि ती मात्र अगदी स्वच्छ धुतली.

पुढे त्या मोठ्या हॉस्पिटलचा एक डॉक्टर आपली वही मागत आला. चांगला समजावून सांगणारा होता. गोळ्यांच्या झोपेत माणूस एका कुशीवर दाबून पडला की खालचे स्नायू मरतात, आणि स्नायूंमधला लाल रंग लघवीत उतरतो. बेंझिडीनला तो रक्तच वाटतो, पण काचेवर पेशी कुठून येणार? नळी निळी आणि काच रिकामी, हेच तर निदान. गुरुवारी कळलं असतं तर सलाइन भरपूर देऊन मूत्रपिंडं वाचवायला दोन दिवस हातात होते. त्याने विचारलं, चूक कुणाची? तुम्ही उभ्या राहिलात. "सही माझी आहे. हिने मला दाखवलं होतं, मीच नको म्हटलं." मी वही त्याच्या हातात दिली.

तुम्हाला बोरिवलीच्या दवाखान्यात मलेरियाच्या काचा बघायला पाठवलं. जायच्या दिवशी तुम्ही विचारलंत, "दुसऱ्यांदा करून बघितली होतीस का गं?" मी म्हटलं, "नाही, बाई." तुम्ही म्हणालात, "हो ना, मीच सांगायला हवं होतं." त्यानंतर तुम्ही मला कधी रागावला नाहीत, कारण आपण पुन्हा भेटलोच नाही. तुमच्या जागी मी बसले. नळी निळी आणि काच रिकामी दिसली की कागदाची वाट न पाहता धावत कॅज्युअल्टीत जाऊन सांगायचं, हा नियम मी केला. त्याने माणसं वाचली आणि तरुण डॉक्टर माझी तारीफ करत राहिले. दरवर्षी नव्या मुलींना मी तुमची गोष्ट सांगायचे आणि तुमच्या आवाजात म्हणायचे, "आभाळातून पडलं?" मुली हसायच्या.

हे पत्र टाकायला पत्ता नाही असं नाही. तुमची धाकटी बहीण मुलुंडला आहे, नजर अजून चांगली आहे, सगळं वाचेल. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. चहा ठेवून ती म्हणाली, "शेवटी शेवटी ताई त्या मुलीबद्दलच बोलायची. तुम्ही तिथे होतात ना, खरं सांगा, खरंच ताईमुळे गेली का ती?" मी म्हटलं, "त्यांनी मुद्दाम थोडंच केलं? चूक कुणाच्याही हातून होते." ती रडली, आणि तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलल्याबद्दल तिने माझा हात धरून आभार मानले.

मला बरं वाटलं, बाई.