साहेबाच्या दगडाला शेंदूर

आबा, नातीचा उद्या इतिहासाचा पेपर आहे. "इंग्रजी राजवटीचे फायदे आणि तोटे सांगा" हे उत्तर ती सकाळपासून घोकते आहे, आणि मला तुमच्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. हाच प्रश्न मी तीस वर्षं वर्गात शिकवला. फळ्यावर मधोमध रेघ मारायची. एकीकडे रेल्वे, शाळा, कायदे, धरणं, दुसरीकडे बुडालेले विणकर, परदेशी गेलेलं धान्य, तुरुंग. पोरी उतरवून घ्यायच्या. एखादी धीट पोर विचारायची, "पण बाई, शेवटी काय?" मी तिला पुढचा धडा काढायला सांगायची. तुमचा तलाव डोळ्यांपुढे आला की मला पुढे बोलवत नसे.

पारनेरकडच्या त्या माळावर तुम्ही पाटकरी होतात. तलावाचं पाणी कुणाच्या शेताला कधी जायचं, ते तुमच्या हातात. तलाव इंग्रजांच्या काळात दुष्काळी कामावर बांधलेला. भिंतीत, पाणी सोडायच्या मोरीजवळ, एक घडीव दगड, त्यावर बांधणाऱ्या साहेबाचं नाव इंग्रजीत कोरलेलं. रब्बीचं पहिलं पाणी सोडायच्या दिवशी तुम्ही अंघोळ करून, वहाणा लांब काढून त्या दगडाला शेंदूर लावायचात, नारळ फोडायचात आणि मगच मोरीचं चाक फिरवायचात. लहानपणी मी खोबऱ्याच्या आशेने तुमच्या मागे पळत यायची. मग तुम्ही भाऊबंदांचे टोमणे ऐकून मला नगरला कॉलेजात घातलंत, मी चार पुस्तकं वाचली आणि शहाणी झाले. दिवाळीच्या सुट्टीत तुम्हाला म्हणाले, "ज्यांनी आपल्याला लुटलं, त्यांची पूजा करता?" तुम्ही चाकाला वंगण लावत होतात. "भिंत अजून गळत न्हाई बघ," एवढंच बोललात. मला तो गुलामाचा जबाब वाटला.

त्याच वर्षी कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता, इंग्रजी राज्याने आपलं भलं केलं की वाटोळं. मी वाटोळ्याच्या बाजूने उभी. मी काय बोलते ते ऐकायला तुम्ही एसटीने आलात, काखेत भाकरी-ठेच्याचं गाठोडं. मी आकडे फेकले, मुठी आवळल्या, आणि शेवटी म्हणाले, "लांब कशाला जायचं? माझे वडील आजही साहेबाच्या नावाला शेंदूर फासतात. साहेब गेला, पण मानेवरचं जू काही उतरलं नाही!" सभागृह हसलं, टाळ्या पडल्या, कप मला मिळाला. बाहेर फाटकाशी तुम्ही उभे होतात. "चांगली बोललीस. पार मागंपत्तुर आवाज येत हुता." गाठोडं माझ्या हातात दिलंत आणि एसटी चुकेल म्हणून निघालात. त्या रब्बीला तुम्ही नुसतं चाक फिरवलंत. शेंदूर नाही, नारळ नाही. मी शेजारीच होते, आणि मला वाटलं, मी बापाला सुधारलं.

पुढे पावसाने सलग दगा दिला. तलावाचा तळ उघडा पडला आणि सरकारने गाळ काढायचं काम काढलं. गावच्या बायका पाट्या वाहत होत्या; तुमची थोरली बहीण, पासष्टीची आत्या, त्यांच्यात. सुट्टीला आलेली मीही गेले. दुपारी सुकडी वाटली, ती खात आम्ही दोघी भिंतीच्या सावलीला बसलो आहोत. आत्या त्या दगडाकडे बघते आहे.

"तुज्या आबानं नारळ का बंद केला गं?"

मी फुशारकीने सगळं सांगते. तिचा घास हातातच राहतो.

"साहेबाचा नारळ? येडी का काय तू? आमची आई हितं पाट्या वाहता वाहता पटकीनं गेली. मी आठ वर्साची, तुजा बा माज्या काखंला. जाळायला लाकूड न्हाई. हितंच कुटंतरी पुरली. मागनं जागा घावंना, तवा त्यो दगुड धरला आमी. दुसरी खूनच न्हवती." मग हातातल्या सुकडीकडे बघून, "पन त्याच कामावरची आंबील पिऊन आमी दोगं जगलो. ते बी खरं हाय."

आबा, ही माझी आजी मी फळ्यावर कुठल्या बाजूला लिहायची होती? तलाव फायद्यात येतो. त्या पाण्यावरच्या ज्वारीने मला वाढवलं, शिकवलं. आत्याची आंबीलही खोटी नाही. साहेब कदाचित भला माणूस असेल, भिंत तर त्याने चोख बांधली. आपल्या सरकारच्या कामावरही बायकांच्या डोक्यावर तशाच पाट्या होत्या, आणि रेशनची ती परदेशी लाल ज्वारी, मिलो, आम्ही नाकं मुरडत खाल्ली. पण मिलो उशिरा आली तेव्हा आत्यासकट साऱ्या बायका मामलेदाराच्या दारात जाऊन बसल्या आणि त्याला बाहेर यावं लागलं. आजीला कुणाच्या दारात बसता आलं असतं? तिच्याकडून काय बांधून घ्यायचं, तिला किती राबवायचं, हे ठरवणाऱ्यांनी तिला कधी विचारलं नाही, आणि ती मेल्यावर कुणाला जाब द्यावा लागला नाही. माझ्या हिशेबी वाटोळं ते हेच. एवढं उत्तर मला साठ वर्षांची झाल्यावर आलं, तेव्हा वर्ग सुटला होता.

आत्याने सांगितलं त्या संध्याकाळी तुम्ही अंगणात दोरी वळत होतात. मी तुमच्यापाशी येऊन बसले, आणि हवापाण्याचं बोलून उठले. त्यानंतर तुम्ही आठ वर्षं जगलात. मी दर सुट्टीला यायची, दर वेळी ठरवून यायची, आणि तुमच्या तोंडाकडे बघितलं की माझी जीभ उचलत नसे. व्यासपीठावर किती सैल सुटली होती ती!

हे पत्र नातीलाही दाखवणार नाही. आत्याला मी तेव्हा म्हणाले होते, आबा सभागृहात आहेत हे मला ठाऊक असतं तर तसं बोलले नसते. खोटं होतं ते. भाषण अर्ध्यावर असताना मागच्या दाराशी तुमचा फेटा मला दिसला होता. शेंदराचं वाक्य माझ्या कागदावर नव्हतंच, आबा. तुम्हाला बघितलं आणि मग सुचलं.