कुणाच्या नावानं?

व्हालिया नुकुलुई,
२४ ऑक्टोबर

लाडक्या इलिंका,

तू बरी असशील, पाय सुजत नसतील आणि जावईबापू तुला जड पिशव्या उचलू देत नसतील, असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. द्राक्षं तुडवून झाली, रस पिंपात फसफसतोय. पार्सलात अक्रोड आहेत आणि बिहीचा मुरंबा. मुरंबा तळाला जरा लागलाय, पण तुला तसाच आवडतो.

परवा फोनवर तू व्हिसाचं विचारलंस आणि मी 'आवाज येत नाही' म्हणून फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता. बाळंतपणाला मी तिथे असावं म्हणून तू डोळे लावून बसली आहेस, हे मला कळतं गं. सांगते. आधी गावची गंमत ऐक.

तू राहतेस त्या देशाच्या वकिलातीतले एक सचिवसाहेब गेला महिनाभर आपल्या भागात फिरत होते. नाव 'हिवाळ्याची मदत', पण प्रत्येक भाषणात राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार तेओफिल ग्रोझावू यांचीच आरती. त्यांना दुभाषी हवी होती. ती भाषा शिकवण्यात माझे केस पिकले, म्हणून मला बोलावणं आलं. माझा व्हिसाचा अर्ज दोनदा फेटाळलाय, हेही त्यांना ठाऊक होतं. "या वेळी मी स्वतः बघतो," म्हणाले. मी हरखून गेले. माळ्यावरची बॅगसुद्धा खाली काढली.

पहिल्याच गावात महापौर म्हणून आपला निकांदर, माझा जुना विद्यार्थी. साहेब हसत हसत त्याला म्हणाले, "ग्रोझावू पडले तर तुमच्या नळयोजनेचे पैसे कुठून येणार, विचार करा." मी ते आपल्या भाषेत सांगितलं. निकांदर साहेबांकडे बघेचना, माझ्याकडेच बघत राहिला. धमकी माझ्या आवाजात बाहेर पडली होती ना! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. अशी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

मग आपलं गाव आलं. गाडीत पिशव्या रचलेल्या. मी एक उघडून पाहिली: एक मग, एक टॉवेल, एक मेणबत्ती. थंडीत चहा, अंघोळ, आणि वीज गेली तर उजेड, असा त्यांचा विचार. आपल्याकडे या तीन वस्तू एकत्र कधी वाटतात, ते तुला काय सांगायचं! बाबा गेल्यावर चाळिसाव्या दिवशी त्यांच्या नावानं तूच घरोघरी देऊन आलीस. साहेबांना तिथेच सावध करता आलं असतं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

रांगेत पहिली आक्सेनिया म्हातारी. पिशवीत डोकावली, क्रुसाची खूण केली आणि म्हणाली, "मास्तरीणबाई, विचारा की साहेबांना, कुणाच्या नावानं देतायत?"

मी शब्दाला शब्द भाषांतर केलं, वर एक अक्षर घातलं नाही. साहेबांचा चेहरा खुलला. छातीवर हात ठेवून म्हणाले, "तेओफिल ग्रोझावूंच्या नावानं!"

"अगं बाई, गेला?" आक्सेनिया ओरडली. "परवा तर टीव्हीवर चांगला धडधाकट होता!"

"राजधानीत खाणं फार," तिच्या मागे उभ्या हारालांबियेनं टोपी काढली. "छातीत कळ आली असणार."

मग जो तो पिशवी घेई आणि मान खाली घालून म्हणे, "बोगदाप्रोस्ते." साहेब खूश! सगळ्यांशी हात मिळवत होते. कुणीतरी तर मेणबत्ती पेटवलीसुद्धा. आक्सेनिया माझ्या कानाशी लागली, "मेलेल्याच्या नावाचं घेतलं की परतफेड नसते, बाई. आणि मेलेल्याला मत देतंय कोण?" डोळा मारला गं तिनं, या वयात!

बातमी खोऱ्यात अशी पसरली की दोन दिवसांनी ग्रोझावूंना टीव्हीवर येऊन आपण जिवंत असल्याचं सांगावं लागलं.

त्या दिवशी परतताना साहेबांनी विचारलं, "ते 'बोगदाप्रोस्ते' म्हणजे 'आभारी आहे' ना?"

"नाही. देव तुमच्या मृताला क्षमा करो."

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"बाई, तुमचा अर्ज माझ्या टेबलावर आहे."

"ठाऊक आहे. पण निवडणूक आमची आहे, साहेब."

मंगळवारी नकार आला. इलिंका, मी रडले. तुझ्या वेदनांच्या वेळी तुझा हात धरायला मी नसेन, आणि हे माझ्याच तोंडानं झालं. रागव, पाहिजे तेवढी रागव. पण काल निकांदर घरी आला. परसातली लाकडं फोडून दिली आणि जाताना म्हणाला, "बाई, रविवारी मतदानाला बरोबरच जाऊ." आक्सेनियानं सगळ्या म्हाताऱ्यांना न्यायला ट्रॅक्टर ठरवलाय. कुणाला मत देणार, ते एकमेकींनाही सांगत नाहीत. मला या गावाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

तर आता असं कर. बाळानं जरा बाळसं धरलं की ईस्टरला त्याला घेऊन ये. बाप्तिस्मा इथेच करू. तुझ्या दाराशी यायला मला साहेबाची सही लागते. तुला माझ्या दाराशी यायला कुणाला विचारावं लागत नाही. ते तसंच राहावं, आपल्या दारालाही साहेबाची सही लागू नये, एवढ्यासाठीच मी रविवारी रांगेत पहिली उभी राहणार आहे.

तुझी आई, आणि आजपासून, न बघताही, तुझ्या बाळाची आजी,
झिनोविया