अंटार्क्टिकाहून रविवारचा फोन

बाबा, तुम्ही गेल्याला बारा वर्षं झाली आणि मी अजून कुठेच टिकलो नाही, हे आधी सांगून टाकतो. आठ दिवसांपासून विजय नगरच्या घरी आहे. त्याआधी मनालीकडे एका ढाब्यावर होतो, त्याआधी ट्रकवर, त्याआधीचं आईलाही माहीत नाही. ती दारातच म्हणाली, "काहून आलास रे? बिमार तर नाही ना?" मी म्हटलं, सहज. घरात दोघंच असतो, अन् दोघं वेगवेगळ्या वेळी जेवतो.

शाळेत मी सांगायचो की माझे बाबा हवामानवाले आहेत, अंटार्क्टिकावर अख्ख्या स्टेशनचे प्रमुख आहेत, तर पोरं म्हणायची, "तेरे पापा बर्फ बेचते हैं क्या?" मी मारामारी करायचो. त्यातल्या एकाचं आता नेपियर टाउनमध्ये चष्म्याचं दुकान आहे, परवा भेटला, गिऱ्हाईक समजून चहा पाजला, ओळखलं मात्र नाही मला. असो, भटकलो. मला फोनचं लिहायचं आहे.

अंटार्क्टिकाहून दुसऱ्या वेळेस तुम्ही परत आलात तेव्हाचं स्वयंपाकघर आठवतं. आई पोळ्या लाटते आहे. विचारते, "भाजी कशी झाली?" तुम्ही थांबता. मनात एक-दोन मोजावं तेवढं थांबता अन् मग म्हणता, "छान." आई लाटणं ठेवून देते. "अहो, आता घरी आहात ना? तिकडून आवाज यायला वेळ लागे, इथून काय लागतो?" तुम्ही परत थांबता, मग हसता. वर्षभर सॅटेलाइट फोनवर बोलून तुम्हाला ती सवयच लागून गेली होती. पण मला वाटायचं, हे माझ्यामुळे आहे. एकदा फोनवर मी काय बोललो होतो ते तुम्ही विसरला नाहीत.

तो फोन झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा. तुम्ही शिकवलं होतं, "आपलं बोलून झालं की दोन मोज, मग माझं ऐकू येईल." मला कुठे धीर! आपले शब्द नेहमी एकमेकांवर आदळायचे. त्या रविवारी पोरं ग्वारीघाटावर पोहायला गेली होती आणि मी तीन वाजल्यापासून फोनपाशी बसलो होतो. प्रमुखाचा नंबर सगळ्यांच्या शेवटी, हे मला काय माहीत? तुमचा फोन सहाला आला. मी म्हटलं, "तुमच्यासाठी घाटावर नाही गेलो मी. तुम्ही नाही आले तरी चालते आम्हाला." आणि तुमचं उत्तर इथवर पोचायच्या आत फोन ठेवून दिला. आईला सांगितलं, लाइन कटली. ती तशीही कटायचीच.

नंतर तुम्ही चार वर्षं घरी होता. एका सकाळी म्हणालात, "चल, घाटावर जाऊन येऊ." मी म्हटलं, क्लास आहे. क्लासला गेलोच नाही मी, नुसता फिरून आलो. मग एका दुपारी तुमच्या ऑफिसातून लोक आले, तुम्हाला चादरीत घेऊन. विचारायचं राहूनच गेलं की त्या रविवारी फोनवर तुम्ही काय उत्तर दिलं होतं. कुठे जरा बसलो की हेच डोक्यात येतं, म्हणून बसत नाही.

काल आई म्हणाली, तुमच्या स्टेशनवरचे आचारी शहपुऱ्याला मुलाकडे राहतात, बिमार आहेत, भेटून ये. गेलो. काका खाटेवर होते. मला पाहून म्हणाले, "अच्छा, तूच का तो बडबड्या? तुह्या बापानं लई उपाशी ठेवलं आम्हाले."

"कसं काय, काका?"

"अरे, वादळ असो का काही असो, सायेब आधी सगळ्यायले फोन करू दे, मंग स्वतः करे. तोपर्यंत आम्ही ताटं घेऊन बसून राहो. एका रविवारी तर तुमच्या गोष्टी सरेच ना! 'घाटावर जायचं राहिलं म्हणून रागावला का?' म्हणे. 'मी आलो की दोघं जाऊ,' म्हणे. 'हो का? मंग?' म्हणे. माही डाळ थंडी होऊन गेली. मी म्हटलं, सायेब, काय म्हणते पोरगं? तं म्हणे, सोडतच नाही मला."

मी खाटेची कड धरून बसलो. फोन केव्हाच बंद झाला होता, बाबा. ताटं घेऊन बसलेल्या माणसांसमोर तुम्ही एकटेच बोलत राहिलात.

काका विचारून राहिले होते, "एवढं काय सांगत होता रे?"

हा कागद कुठे पोस्टात टाकायचा नाही, म्हणून इथे कबूल करतो. मी म्हटलं, "आठवत नाही काका, पण लई बोलायचो मी बाबांशी." त्यांना खरं सांगायची भीती वाटली, असं नाही. तुम्हाला फोन ठेवू न देणारा तो पोरगा मला आवडला. शहपुऱ्यात तासभर मी तोच होऊन बसलो होतो.