खंदकातला मेजर

३ नोव्हेंबर, सकाळी
औशाच्या आमच्या महिला मंडळानं नाट्यस्पर्धेत उतरायचं ठरवलं. दिग्दर्शक अर्थातच मी. आयुष्यभर शाळेचं गॅदरिंग बसवलंय. नाटक विनोदी, एकाहत्तरच्या युद्धातलं. सायरन वाजतो, ब्लॅकआउट होतो, गावातल्या बाया खंदकात अडकतात आणि एकमेकींची उणीदुणी काढतात. लेखिका बँकेतली शिल्पा. सगळी पात्रं बायकाच. ही उणीव मी भरून काढणार. शेवटी एक मेजर येतो, सगळ्यांना सोडवतो. मेजर मी. आजपासून मिशा.

६ नोव्हेंबर
मेजरचा प्रवेश वाचून दाखवला. मग शिल्पा म्हणाली, "सर, ह्या बाया आपल्या आपण बाहेर निघतेत. तेच तर नाटक हाय." तत्त्व म्हणून राजीनामा दिला. घरी आलो तर कुलूप. चावी सिंधुकडे, आणि ती तालमीत. (बायको. नाटकात सरपंचीणबाई.) परत जाऊन बसलो. राजीनामा तूर्त स्थगित.

१४ नोव्हेंबर
तोडगा काढला. मेजरचा फक्त आवाज, रेडिओवरून. तसा आवाज हीच माझी खरी ताकद. गुणाबाई रिटायर्ड नर्स, नाटकात म्हातारी. त्या म्हणाल्या, "रेडिओ बंदच पडलेला दाखवा की. लई हसतेत लोक." सगळ्या तिथंच हसल्या. रेडिओ बंद.

२२ नोव्हेंबर, दुपारी
सिंधुला सूचना दिली, हात कमी हलव. "अहो, घरचं इथं नका आणू," म्हणाली. मी घरी बोलतो कुठं? कायमचं निघायचं ठरवलं. पण स्पर्धेला नांदेडला न्यायचा टेम्पो माझ्या नावावर ठरलेला. जबाबदार माणसाला पळता येत नाही.
नवी जबाबदारी : प्रॉम्प्टिंग. खंदकाच्या प्लायवूडच्या खोक्यात बसून. वर झाकण. सगळं नाटक माझ्या ताब्यात. मिशा काढल्या. त्यात लाकडाचा भुसा अडकतो.

५ डिसेंबर, नांदेड
प्रयोग झाला. दुसऱ्या अंकात गुणाबाई झाकणावर बसल्या त्या बसल्याच. ढकललं, हललं नाही. आत फेविकॉलचा वास, पाय बधिर. वरून सिंधुचा आवाज. नवऱ्याचं पत्र येत नाही म्हणून ती पोस्टमनला शिव्या घालते, तो प्रसंग. हॉल हसत होता. मग एकदम कोणीच हसेना. सिंधुला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. (माझ्या सूचनेचा परिणाम असावा.)
मग गुणाबाई वाक्य विसरल्या. मी सांगितलं. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा जरा जोरात. त्यांनी झाकणावर थाप मारली, "गप्प बसा की सर! आठवायलंय मला!"
असला हशा मी आयुष्यात ऐकला नाही. थांबेचना.
पडदा पडला. सगळ्या फोटोला गेल्या. दयानंद सर कुठं हायत, कोणीतरी विचारलं. टेम्पोत बसले असतील, सिंधु म्हणाली. पडदेवाल्यानं खोकं उचलायला घेतलं तेव्हा मी आतून बाहेर निघालो.

७ डिसेंबर
निकाल. पहिला नंबर. गुणाबाईंना उत्स्फूर्त विनोदाचं खास बक्षीस. आता लातूरला प्रयोग. आज बैठकीत दिग्दर्शनाचे काही नवे मुद्दे मांडणार होतो. शिल्पा म्हणाली, "सर, ते खोक्यातलं तसंच ठेवू." ठराव एकमतानं. झाकणाला बाहेरून कडी बसणार. प्रत्येक प्रयोगाला.
सिंधु म्हणाली, बाजूला भोकं पाडा, त्यांना दमा हाय.
माझी काळजी आहे तिला.