दुसऱ्या मणक्यापाशी

३ मार्च
मानेत गोळी. डाव्या कानाखालून शिरून पहिल्या-दुसऱ्या मणक्यांपाशी, मज्जारज्जूला खेटून बसलीय. माणूस घड्याळं दुरुस्त करणारा. शेजारच्या दुकानात दरोडा पडला, काय झालं बघायला हा दारात आला – एवढाच त्याचा गुन्हा. हातपाय हलताहेत. मान पट्ट्यात बांधलीय. लक्ष ठेवायचं.

४ मार्च
सकाळी डाव्या हाताची मूठ वळेना. आता थांबणं नाही.

सीटी पाहिला. मणके निखळलेत, स्क्रूने जोडावे लागणार. मेंदूकडे मागून रक्त नेणाऱ्या दोन वाहिन्यांपैकी डावी बंद. उरली उजवी, आणि नेमका तिच्या अंगावरून स्क्रू न्यायचा. धक्का लागला की संपलं.

सर म्हणाले, केस तूच कर. म्हटलं, नुसते बाजूला तरी उभे राहा. नाही म्हणाले, फाइल मिटली, गेले. पंधरा वर्षं ज्यांच्या हाताखाली शिकले, त्यांनी ऐन वेळी अंग काढून घेतलं! वाईट झालं तर खापर माझ्या डोक्यावर – दुसरं काय.

घड्याळवाल्याला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "हात तेवढे राहू द्या, बाई. बाकी तुम्ही बघा."

अर्ध्या तासात आत जायचंय.

५ मार्च
जमलं! काल सात तास लागले, लिहायला आज बसतेय.

डोकं क्लॅम्पमध्ये घट्ट धरून त्याला पालथं घातलं, तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरणीने माझ्याकडे बघणंच टाळलं. मागून शिरले. पहिल्या मणक्याची कमान कापली. गोळी हलेना. ओढली नाही – भोवतालचं हाड कणाकणाने खरवडलं, मग आपणहून सुटली. ताटलीत टण्‌कन वाजली.

मग उजवा स्क्रू. ड्रिल थोडं पुढे, थांब, एक्स-रे. पुन्हा थोडं. रक्त आलं नाही. शेवटचा आटा बसला तेव्हा कळलं, माझे पाय केव्हाचे बधिर झालेत.

७ मार्च
मूठ वळली! माझं बोट धरलं ते सोडेना. त्याची थोरली बहीण दटावत होती, अरे सोड, त्यांना इतर पेशंट आहेत. म्हटलं, असू देत.

१२ मार्च
उभा राहिला. भिंतीपर्यंत चालला. वॉर्डातल्या घड्याळाकडे बघून म्हणाला, चार मिनिटं मागे आहे. सगळे हसले. मी घरी जाईपर्यंत शीळ घालत होते. सरांना मुद्दाम सांगायला गेले नाही. कळलंच असेल, कळू दे.

१४ मार्च
सरांनी बोलावलं. अभिनंदन नाही, काही नाही. दिव्यावर एमआरआय लावला. मानेत गाठ, मज्जारज्जू दाबणारी. कुणाची, विचारलं. "माझी. उजव्या हाताची दोन बोटं गेले तीन महिने नीट चालत नाहीत."

फिल्मच्या कोपऱ्यातलं नाव वाचलं. त्यांचंच.

"त्या दिवशी आत आलो असतो तर सवयीने ड्रिल हातात घेतलं असतं. मोह आवरला नसता मला." मग डायरी उघडून म्हणाले, "गुरुवारी मोकळी आहेस?"

हो म्हटलं.